मोजणीच्या शाळेची हजेरी



शेताची मोजणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मोजणीदार गावात आला की पोरांची त्याच्याभोवती गर्दी होते. ओट्यावरची म्हातारी मंडळीही काठी टेकत टेकत बांधापर्यंत येतात. पूर्वी मोजणीला लोखंडी साखळी असे. पुढे तिपाईवरची यंत्रे आली. आणि गावठाणातली घरे मोजण्यासाठी आता ड्रोन नावाचे लहानसे विमान गावावरून घिरट्या घालते. साधन कोणतेही असो, शेवटी हाती येतो तो नकाशा. बांधावरून तंटा निघाला म्हणजे आपण तो नकाशा काढतो आणि म्हणतो, “तोंडच्या गोष्टी नकोत, कागद काय बोलतो ते पाहा.”

आता मी आपल्याला एक प्रश्न विचारतो. तो कागद ज्यांनी तयार केला त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? साखळीचे एक टोक कुणाच्या हातात होते आणि दुसरे कुणाच्या? हे काम ती माणसे कुठे शिकली, कुणापाशी शिकली? आपण म्हणाल, “मास्तर, आम्हाला त्याच्याशी काय करायचे आहे? मोजणी झाली, काम झाले.” मीसुद्धा पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. भूगोल शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. नद्या, डोंगर, पिके, पाऊस हे सगळे शिकवले. पण नकाशा काढणारी माणसे जिथे तयार होतात त्या शाळांनाही इतिहास असतो, आणि तो कुणीतरी सांभाळावा लागतो, हे मला फार उशिरा कळले. माझ्या हातून एक चूक घडली तेव्हा कळले. ती चूक मी आज आपल्यापुढे सांगणार आहे. पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट आहे. कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून आपण ते ओळखतो. ह्या हिंगणघाटात जानेवारी १८२३ मध्ये विल्यम लॅम्बटन नावाचा एक इंग्रज अधिकारी वारला. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना वाटेतच तो गेला. वय सत्तरीच्या आसपास. त्याची कबर तिथेच आहे. ह्या मनुष्याने १८०२ साली मद्रासजवळ एक मोजणी सुरू केली, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत वीस वर्षांत ती दक्षिणेच्या टोकापासून पार आपल्या बाजूला आणली. पुढे हेच काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. आपल्या देशाचे बिनचूक नकाशे त्या मोजणीच्या आधाराने झाले, आणि पृथ्वीचा गोल नेमका केवढा आहे हे ठरवण्याच्या कामीही तिचा उपयोग झाला.

एका वर्षी मी बी. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन हिंगणघाटला गेलो होतो. लॅम्बटनची हकीकत मी मोठ्या उत्साहाने सांगितली. सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, साहेब एकटाच आला होता काय?”

मी म्हणालो, “छे, बरोबर मोठा लवाजमा होता.”

“मग त्यांची नावे?”

त्या पोरीला उत्तर द्यायला मला पुढे चार-पाच महिने लागले. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. आणि त्या शोधात मला भेटली ती मद्रासची मोजणीची शाळा.

ही शाळा मे १७९४ मध्ये निघाली. मायकेल टॉपिंग हा मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख. कंपनी सरकारच्या ताब्यात नवा नवा मुलूख येत होता. पण रस्ता कुठून जातो, तलाव कुठे आहे, कोणत्या गावाची जमीन किती, ह्याचा पत्ता नव्हता. विलायतेहून शिकलेला मोजणीदार आणायचा तर खर्च भारी. तेव्हा टॉपिंगने ठरवले की इथलीच पोरे शिकवून तयार करायची. पोरे कुठून आणली? अनाथाश्रमातून. गोऱ्या शिपायांची ही मुले. पुष्कळांच्या आया इथल्याच. ना घर, ना वाडी, ना पाठीशी कुणी चुलता-मामा. अशा अवघ्या आठ मुलांवर शाळा सुरू झाली. मुलांना गणित, आकाशातले वेध घेणे, साखळी आणि होकायंत्र वापरणे, नकाशा रेखाटणे हे शिकवीत, आणि मग उमेदवार म्हणून मोजणीच्या पथकात पाठवीत. टॉपिंग १७९६ साली वारला. त्याच्यामागून जॉन गोल्डिंगहॅमने वेधशाळा आणि शाळा दोन्ही सांभाळली.

शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना काम कसले मिळाले तेही ऐकण्यासारखे आहे. एप्रिल-मे १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी लॅम्बटनने पहिली पायारेषा मोजली. लांबी सुमारे साडेसात मैल. आणि मापाला पोलादी साखळी शंभर फुटांची! म्हणजे साखळी जवळजवळ चारशे वेळा उचलायची आणि पुन्हा मांडायची. मद्रासचा उन्हाळा. पोलाद उन्हाने वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्यावर सावली धरायची, जवळ उष्णतामापक ठेवायचा, आणि प्रत्येक वेळी आकडा टिपायचा. हे झाल्यावर कोन मोजायचे. त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे. ते टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचे. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आदळले आणि पार वाकडे झाले. लॅम्बटनने दीड महिना तंबूत बसून ते पुन्हा सरळ केले. ही गोष्ट पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि ती कौतुकाची आहेच. पण श्रोतेहो, यंत्र तंबूत एकट्याने दुरुस्त करता येते. अर्धा टन ओझे शिखरावर एकट्याने चढवता येत नाही.

लॅम्बटनच्या हाताखाली जोशुआ डी पेनिंग नावाचा एक तरुण होता. हा मद्रासच्या मोजणीशाळेचा विद्यार्थी. पोरवयात कामाला लागला तो लॅम्बटनच्या मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर राहिला आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींत मुख्य झाला. दुसरा विल्यम रॉसेनरोड. तोही तिथलाच, आणि एव्हरेस्टच्या काळातही काम करीत राहिला. पोरकी म्हणून ज्यांना कुणी विचारीत नव्हते, त्यांच्या हातांनी एका खंडाएवढ्या देशाचे माप घेतले गेले. मला हे फार मोठे वाटते. मी माझ्या वर्गात त्या मुलीला हे सांगितले तेव्हा तिला आनंद झाला. पण तिचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. ती म्हणाली, “ही दोन नावे झाली, सर. बाकीची?”

बाकीची नाहीत. साखळी ओढणारे, निशाण घेऊन डोंगरावर रात्र काढणारे, झाडे तोडून वाट करणारे, ओझी वाहणारे ह्यांचा उल्लेख येतो तो बहुतेक आकड्याने. इतके खलाशी, इतके हमाल. १८१९ साली एव्हरेस्ट एक मोठे पथक घेऊन गोदावरीकडच्या जंगलात गेला असता बरोबरची झाडून सारी मंडळी तापाने आडवी झाली, आणि कित्येक त्यातच गेली. एव्हरेस्टच्या नावाने जगातले सर्वांत उंच शिखर ओळखले जाते. त्या तापात गेलेल्यांच्या नावाने साधा दगडही नाही, कारण नावे लिहून ठेवणारा कुणी नव्हता.

आपण म्हणाल, जुनी गोष्ट, परक्याचे राज्य, असे व्हायचेच. पण ह्यात एक गंमत आहे, तिकडे लक्ष द्या. ज्यांची नावे कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यातल्या कागदावर का होईना, लिहिली गेली होती, ती पुढे परत आली. शंभर वर्षांनी आली, दीडशे वर्षांनी आली, पण आली. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले राधानाथ सिकदार ह्यांचे. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचा हा विद्यार्थी १८३१ साली मोजणी खात्यात गणिती म्हणून लागला आणि पुढे मुख्य गणिती झाला. हिमालयातल्या पंधरा नंबरच्या शिखराची उंची ठरवण्याचे जे मोठे गणित झाले, त्यात त्याचा हात होता. १८५१ साली मोजणीशास्त्राचे एक जाडजूड सरकारी पुस्तक निघाले. त्यातला गणिताचा अवघड भाग सिकदारांच्या साहाय्याने झाला, हे प्रस्तावनेत कृतज्ञतेने लिहिले होते. सिकदार १८७० साली वारले. १८७५ साली त्याच पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मजकूर राहिला आणि नाव गेले! पण पहिल्या आवृत्तीच्या प्रती कपाटांतून होत्या. तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून त्यावर टीका झाली, आणि आजही कुणी शंका घेतली तर १८५१ ची प्रत काढून दाखवता येते. एका जुन्या पुस्तकाने माणसाची बाजू राखली.

दुसरे उदाहरण शिक्षकबंधूंना विशेष आवडेल. कुमाऊँच्या डोंगरातल्या मिलम गावचे नैनसिंग रावत हे शाळामास्तर होते. १८६३ साली त्यांना डेहराडूनला नेऊन मोजणीचे गुप्त शिक्षण दिले. तिबेटात जायचे, पण यंत्र दिसता कामा नये. म्हणून पावले मोजायला शिकवले. चढ असो वा उतार, पाऊल सारखेच पडले पाहिजे. जपाच्या माळेत एकशे आठऐवजी शंभर मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद. असे चालत हा मास्तर १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. पुढे त्यांनी आपल्यासारखे दुसरे शोधक तयार करण्याचेही काम केले. म्हणजे मास्तर तो शेवटपर्यंत मास्तरच. ह्या मंडळींची नावे मुद्दाम लपवलेली असत. अहवालात कुणी ‘पंडित’, कुणी ‘ए. के.’, कुणी नुसता आकडा. जिवाला धोका होता म्हणून ते योग्यच होते. पण खात्याने त्यांच्या रोजनिशा जपल्या. म्हणून वेळ आली तेव्हा आकड्यामागचा माणूस ओळखता आला. १८७७ साली लंडनच्या भूगोल संस्थेने नैनसिंगांना सुवर्णपदक दिले, आणि २००४ साली भारताच्या टपाल खात्याने नैनसिंग आणि राधानाथ सिकदार ह्या दोघांच्या नावे तिकिटे काढली.

मद्रासच्या शाळेची हजेरीही अशीच परत आली. कर्नल फिलिमोर नावाचा मोजणी खात्यातला एक अधिकारी निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून जुनी दप्तरे घेऊन बसला. सरकारी पत्रे, नेमणुकांचे कागद, तक्रारअर्ज, जे मिळेल ते त्याने वाचले आणि खात्याचा इतिहास लिहिला. त्याचे चार मोठे खंड १९४५ ते १९५८ ह्या काळात डेहराडूनहून निघाले. त्यात नुसत्या मोठ्या साहेबांची चरित्रे नाहीत. मोजणीशाळेतल्या उमेदवार पोरांचीही नोंद आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अनाथ पोरांची हजेरी एका म्हाताऱ्याने पुन्हा घेतली, असे मी म्हणतो.

ती शाळा आज कुठे आहे? नाव बदलत, वाढत वाढत ती मद्रासचे इंजिनियरिंग कॉलेज झाली. १९२० साली गिंडी येथे गेली. १९७८ पासून अण्णा विद्यापीठात आहे. ह्या कॉलेजाला आपला जन्म १७९४ सालचा हे पक्के ठाऊक आहे, आणि ते ते अभिमानाने सांगते. सगळ्याच संस्थांचे नशीब असे नसते. भूगोलविद्येच्या संस्थांना तर एक विशेष अडचण आहे. त्यांची साधने लवकर बदलतात, आणि साधन बदलले की नाव बदलते. डेहराडूनलाच १९६६ साली विमानातून घेतलेली छायाचित्रे वाचायला शिकवणारी एक संस्था निघाली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी १९५० साली अशाच शिक्षणाची एक संस्था प्राध्यापक स्खेरमरहॉर्न ह्यांनी स्थापली होती. महायुद्ध संपल्यावर ते त्या देशाचे पंतप्रधानही झाले होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतली तरुण मंडळी तिथे शिकायला जात. डेहराडूनच्या संस्थेला त्या संस्थेचे साहाय्य होते. पुढे काय झाले? उपग्रह आले. डेहराडूनच्या संस्थेचे नाव १९८३ साली सुदूर संवेदन संस्था असे झाले. डेल्फ्टची संस्था १९७१ साली एन्स्खेडे गावी गेली आणि २०१० साली तिथल्या विद्यापीठात सामील झाली. हे बदल व्हायलाच हवेत. जुन्या साखळीने उपग्रहाचे काम होणार नाही. पण पाटी बदलली, जागा बदलली, कपाटे हलली, की मधल्या काळातला विद्यार्थी भांबावतो. आपण शिकलो ती शाळा कोणती म्हणावी, हेच त्याला कळत नाही. अशा वेळी जुन्याला नव्याशी जोडणारी एकच गोष्ट राहते. ती म्हणजे तिथे शिकलेली माणसे.

आता माझ्या चुकीकडे येतो.

तरुणपणी मी एका महाविद्यालयात नोकरीला होतो. तिथे भूगोल विभागाची एक चांगली चाल होती. दरवर्षी विद्यार्थी एखाद्या गावी आठ-दहा दिवस मुक्काम करीत; साखळी आणि पाटीमोजणीची फळी घेऊन गावाचा नकाशा काढीत. घरे, विहिरी, वाटा, पिके, कोणता धंदा करणारी किती घरे, सगळे वहीत उतरवीत, आणि शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या. अशा तीसेक वर्षांच्या वह्या एका कपाटात होत्या. विभागाचे शिपाई, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, दर पावसाळ्याआधी त्या वह्या उन्हाला घालीत आणि कडुनिंबाचा पाला घालून परत लावीत. हे काम त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

पुढे विभाग नव्या इमारतीत गेला. नवी यंत्रे आली, संगणक आले. जुने सामान काढायची समिती नेमली, तीत मी होतो. निरुपयोगी कागदांची यादी झाली. दादा मला म्हणाले, “सर, ह्या वह्या तेवढ्या राहू द्या.” मी म्हणालो, “दादा, ठेवायला जागा कुठे आहे?” आणि यादीवर सही केली. वह्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून गेल्या. मला त्या रात्री झोपही नीट लागली. वाईट वाटायला हवे होते, ते वाटले नाही.

दोन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ विभागात आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. म्हणाले, “गुरुजी, तुमच्या पोरायनं आमच्या गावाचा नकाशा काढला होता म्हणे, घर न् घर दाखवलं होतं. गाव त पान्याखाली गेलं. तो कागद मले दाखवता काय?”

त्यांचे गाव धरणात गेले होते. नव्या वसाहतीत घर मिळाले होते. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. नातवाला आपले जुने घर कुठे होते ते दाखवायचे होते, एवढेच. मी काय बोलणार? मी त्यांना चहा दिला आणि खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. “असो,” म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी त्या वर्षीचे विद्यार्थी शोधू लागलो. आमच्याजवळ नावांची यादीसुद्धा धड नव्हती. दादांना दोन नावे आठवत होती. त्यातला एक तहसील कचेरीत सापडला. त्याने तिघांचे पत्ते दिले, त्या तिघांनी आणखी चौघांचे. पत्रे लिहिली, फोन केले. मोजणीच्या साखळीसारखेच ते काम. एक कडी हाती आली की दुसरी येते. कुणी भूमिअभिलेखात लागला होता, कुणी शेती करीत होता, कुणी एस. टी.त वाहक होता. एक बाई कोकणात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी फोनवर सांगितले, “सर, पक्का नकाशा कॉलेजला दिला, पण कच्चा माझ्या ट्रंकेत आहे.”

तो कच्चा कागद आला तेव्हा माझे हात थरथरले, हे सांगायला मला संकोच नाही. पण तो अर्धाच होता. गट दोन होते. बाईंच्या गटाने गावाचा वरचा भाग मोजला होता. नदीकडचा भाग दुसऱ्या गटाकडे, आणि त्यांचा कागद कुणाकडेच नव्हता. आम्ही वसाहतीत जाऊन म्हाताऱ्याबाबांना नकाशा दाखवला. त्यांनी देऊळ ओळखले, चावडी ओळखली, पार ओळखला. मग त्यांचे बोट कागदाच्या कडेशी येऊन थांबले. पुढे कोरे होते. त्यांचे घर नदीकडच्या भागात होते.

जुने पाच विद्यार्थी त्या दिवशी माझ्याबरोबर होते. त्यांनी आणि गावच्या चार म्हाताऱ्यांनी मिळून तो कोरा भाग आठवणीने भरला. घाट इथे, चिंच इथे, कुंभारांची चार घरे इथे. मोजलेला भाग शाईने, आठवणीतला पेन्सिलीने. खाली तारीख आणि सांगणाऱ्यांची नावे. तो बिनचूक नकाशा नव्हे. पण नातवाला दाखवण्यापुरते घर त्यात आहे. बाकीच्या वर्षांच्या वह्या गेल्या त्या गेल्याच.

श्रोतेहो, ह्यातून मी जे शिकलो ते एवढेच. संस्थेचा इतिहास कपाटात असतो हे अर्धे खरे. उरलेला अर्धा माजी विद्यार्थ्यांच्या ट्रंकेत आणि डोक्यात असतो. पण त्यांची नावे, त्यांचे पत्ते आपल्याजवळ नसतील, तर ती ट्रंक उघडायला सांगणार कोण? माजी विद्यार्थ्यांचे संमेलन म्हणजे हारतुरे, जेवण आणि देणगीची पावती, असा आपला समज झाला आहे. देणगी जरूर घ्यावी. पण आधी त्याला विचारावे, “तुझ्याजवळ शाळेचे काय आहे? तुला काय आठवते?”

खेड्यातल्या शिक्षकबंधुभगिनींना मी दोन-चार साध्या गोष्टी सुचवतो. ह्याला पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर. ते नियमाने कायम जपायचे असतेच. पण पाने पिवळी पडून कडा तुटू लागल्या असतील तर आजच त्यांची छायाचित्रे काढा आणि एक संच दुसऱ्या ठिकाणी ठेवा. एकच प्रत आणि एकच कपाट ह्यावर विसंबू नका.

दुसरी, वर्गाचे जुने फोटो. फोटोतली माणसे ओळखणारा कुणी गावात आहे तोवरच नावे लिहून घ्या. पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहा, शाईने नको. शाई पुढे फुटते. डावीकडून उजवीकडे, रांगेवार. आणि कडेला उभ्या असलेल्या शिपायाचे नाव विसरू नका.

तिसरी गोष्ट, एक वही घाला. शाळा सोडून गेलेला विद्यार्थी कुठे आहे, काय करतो, ह्याची वर्षातून एकदा नोंद करा. फक्त डॉक्टर-इंजिनियर झालेल्यांची नव्हे. गवंडीकाम करणारा, ऊसतोडीला जाणारा, सासरी गेलेली मुलगी, सगळ्यांची. हल्ली सगळ्यांचे मोबाइलवर गट असतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यात सकाळी फुलांची चित्रे येतात आणि संध्याकाळी वाहून जातात. फोन बिघडला की सगळे गेले. त्यातली कामाची आठवण कुणी सांगितली तर ती त्याच दिवशी वहीत उतरवा, सांगणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट.

चौथी, नाव किंवा जागा बदलण्याच्या वेळी सावध राहा. शाळा नव्या इमारतीत जाते, दोन शाळा एक होतात, संस्थेला नवे नाव मिळते. कागद हरवतात ते नेमके अशा वेळी. रद्दीची यादी झाली की सही करण्याआधी एका जुन्या विद्यार्थ्याला आणि एका जुन्या शिपायाला ती वाचून दाखवा. माझी यादी मी दादांना नुसती ऐकवली असती, असे नाही. त्यांनी तर आपणहून सांगितले होते. मी ऐकले नाही. आपण ऐकावे.

आणि भूगोलाच्या तासाला मुलांना एक काम द्या. गावाचा नकाशा काढायला सांगा. पावलांनी मोजू द्या, नैनसिंगमास्तरांनी मोजले तसे. खाली तारीख घालू द्या आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची नावे लिहू द्या. दोरी धरणाऱ्याचेसुद्धा. हा कागद शाळेत जपून ठेवा, आणि त्याची एक प्रत एखाद्या मुलीच्या घरच्या ट्रंकेतही राहू द्या.

हिंगणघाटला प्रश्न विचारणारी ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. तिचा पत्ता माझ्या वहीत आहे. आपल्या वहीत कुणाकुणाचा आहे, हे आज रात्री जरा पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

नमस्कार.